दाराच्या दुरुस्तीनंतर एअरबॅगचा दिवा विझत नसेल तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. उभ्या गाडीच्या पुढच्या डाव्या दाराला एका टेम्पोचा धक्का बसला. एअरबॅग उघडल्या नाहीत. दाराचा पत्रा फार दबला होता म्हणून गॅरेजने त्याच मॉडेलचे जुने दार आणून बसवले आणि रंगकामही चांगले केले. मात्र गाडी ताब्यात घेतल्यापासून मीटरमधला एअरबॅगचा दिवा लागलेलाच आहे. गॅरेजने दोनदा स्कॅनर लावून कोड पुसला, पण दिवा क्षणभर विझून पुन्हा लागला. आता ते म्हणतात की बहुधा सेन्सर गेला आहे, नाहीतर दिव्याचे कनेक्शनच काढून टाकू, गाडी चालायला काही अडचण येणार नाही. गाडी सहा एअरबॅगची आहे आणि पुढच्या आठवड्यात आपल्याला कुटुंबासह रत्नागिरीला जायचे आहे.

दिव्याचे कनेक्शन काढू देऊ नका आणि सेन्सरही अजून विकत घेऊ नका. गेली बावीस वर्षे मी गाड्यांच्या वायरिंगचे आणि त्यातही मुख्यतः एअरबॅग व एबीएस यंत्रणेचे काम करतो. आपण दिलेल्या माहितीवरूनच बिघाड कुठे असेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

आधी हा दिवा काय सांगतो ते पाहू. किल्ली ऑन केली की तो लागतो, बहुतेक गाड्यांत सुमारे सहा सेकंद राहतो आणि विझतो. तेवढ्या वेळात एअरबॅगचा ईसीयू, म्हणजे ही यंत्रणा चालवणारा छोटा संगणक, आपली सगळी सर्किटे तपासून घेतो. प्रत्येक एअरबॅग फुगवणारा इग्नायटर, सीट बेल्ट क्षणात आवळणारे प्रिटेन्शनर, पुढचे आणि बाजूचे सेन्सर, बॅटरीचा विद्युतदाब, हे सारे त्यात आले. गाडी चालू असतानाही ही तपासणी थांबत नाही. कुठे काही खटकले की दिवा लागतो आणि कारणाचा कोड साठवला जातो. काही गाड्यांत अशा वेळी फक्त बिघडलेले सर्किट बंद पडते, तर काहींत संपूर्ण यंत्रणाच. म्हणून दिवा लागलेला असेपर्यंत एकही एअरबॅग उघडणार नाही असेच धरून चालावे. साधा सीट बेल्ट मात्र बेल्ट म्हणून आपले काम करत राहतो.

आता दारात काय असते ते पाहू, कारण बऱ्याच गॅरेजांत गैरसमज होतो तो इथेच. आपल्यासारख्या बहुतेक गाड्यांत बाजूची एअरबॅग दारात नसते. ती सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेत असते आणि पडद्यासारखी दुसरी एअरबॅग छताच्या कडेत घडी घालून ठेवलेली असते. पुष्कळ मॉडेलांच्या दारात असतो तो सेन्सर, आणि तोही धक्का मोजणारा नव्हे, तर हवेचा दाब मोजणारा. दार म्हणजे बाहेरचा पत्रा आणि आतली चौकट यांच्यामधली एक पोकळ पेटी आहे. बाहेरून गाडी येऊन आदळली की पत्रा आत ढकलला जातो, पेटीतली हवा दाबली जाते आणि ती वाढ सेन्सरला लगेच कळते. समोरून धडक बसली तर बंपर आणि बॉनेट चेपले जाईपर्यंत थोडा तरी अवधी मिळतो. बाजूला मात्र प्रवासी आणि पत्रा यांच्यात हातभर अंतरही नसते, त्यामुळे बाजूच्या एअरबॅगला १० ते २० मिलिसेकंदांत उघडावे लागते. पुढच्या आणि मागच्या दारांमधला खांब हलेपर्यंत वाट पाहणे परवडत नाही, म्हणून दारातला हा दाब-सेन्सर ठेवलेला असतो. त्याच्या जोडीला मधल्या खांबाच्या पायथ्याशी किंवा ईसीयूच्या आत धक्का मोजणारा दुसरा सेन्सर असतो. दोघांची साक्ष जुळली तरच एअरबॅग उघडते. उभ्या गाडीला बसलेल्या सावकाश धक्क्यात ती उघडली नाही, यावरून ती आधीपासूनच बंद होती असे समजू नये.

आता आपल्या गाडीकडे येतो. दाराचे काम झाल्यावर दिवा लागण्याचे सर्वांत सामान्य कारण अगदी साधे असते. दार सुटे असताना, म्हणजे त्याचा कपलर (तारा जोडणारा प्लग) काढलेला असताना, कोणीतरी किल्ली ऑन करतो. गाडी रंगकामाच्या बूथमध्ये हलवायची असते, काच खाली घ्यायची असते किंवा पेंटरला काम करताना गाणी ऐकायची असतात. ईसीयूला सेन्सर सापडत नाही, कोड साठतो आणि दिवा लागतो. नंतर कपलर जोडला तरी काही गाड्यांत दिवा आपोआप विझत नाही, तो स्कॅनरने पुसावा लागतो. अशा वेळी तो जुना, इतिहासजमा कोड असतो आणि एकदा पुसला की परत येत नाही. आपल्याकडे तो लगेच परत येतो. म्हणजे बिघाड या क्षणीही जिवंत आहे आणि तिसऱ्यांदा पुसूनही काही साधणार नाही. गॅरेजला पुढचा प्रश्न विचारा तो असा: कोड नेमका कोणता होता? तो कोणी लिहून ठेवला नसेल तर खरी तपासणी अजून सुरूच झालेली नाही. मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ उपकरण इथे बहुधा चालत नाही. ते इंजिनाचे, ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचते. एअरबॅगचे कोड ‘बी’ने आणि ईसीयूंच्या आपसांतील संपर्काचे ‘यू’ने सुरू होतात. त्यांच्यासाठी त्या गाडीच्या एअरबॅग ईसीयूशी बोलू शकणारा स्कॅनर लागतो. कोडच्या वर्णनात डाव्या बाजूचा सेन्सर आला की अर्धे काम झाले, सीटखालचे सर्किट आले तर दार सोडून सीटकडे वळायचे.

माझा पहिला संशय त्या जुन्या दारावर आहे. आपल्याकडे चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशाची १ जानेवारी २०२२ पासून सर्व नव्या गाड्यांत सक्तीची झाली. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला होता, पण ती सक्ती पुढे आली नाही. अलीकडे अनेक कंपन्या स्वतःहून सर्व व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग देऊ लागल्या आहेत, तरी मधल्या वर्षांतल्या एकाच मॉडेलच्या गाड्या दोन एअरबॅगच्याही आहेत आणि सहाच्याही. भंगार बाजारातून आलेले दार खालच्या व्हेरियंटचे असेल तर बिजागऱ्या, काच आणि कुलूप अगदी तंतोतंत बसते, पण आत सेन्सर नसतो. कधी त्याला बसायला भोकच नसते, कधी दाराच्या वायरिंगमध्ये त्याच्या दोन तारा नसतात. चांगला मिस्त्री जुन्या दारातला सेन्सर काढून नव्यात बसवतो. घाईत काम झाले असेल तर तो मोडक्या दारासोबत तसाच भंगारात जातो. म्हणून आपले मूळ दार अजून गॅरेजमध्ये असेल तर आजच फोन करून ते राखून ठेवायला सांगा.

दार उघडण्याआधीची शिस्त कोणत्याही कारणाने मोडू नये. किल्ली बंद करायची, बॅटरीची निगेटिव्ह सोडवायची आणि थांबायचे. ईसीयूमध्ये एक कपॅसिटर असतो. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडता यावी म्हणून तो वीज साठवून ठेवतो. काही कंपन्या ९० सेकंद थांबायला सांगतात, काही तीन मिनिटे, काही त्याहून जास्त. मी मॅन्युअल पाहतो आणि त्यातला आकडा कितीही असो, दहा मिनिटांच्या आत हात लावत नाही. पिवळ्या रंगाचा कपलर किंवा पिवळी नळी दिसली की ते एअरबॅगचे किंवा प्रिटेन्शनरचे सर्किट समजावे. त्यावर मल्टिमीटर लावून ओहम मोजायला जाऊ नये. मीटरची स्वतःची वीज इग्नायटरमधून जाते, आणि ज्याला उडवण्यासाठीच बनवले आहे त्याच्याशी असला प्रयोग करत नाहीत. सर्किट तपासायचेच असेल तर एअरबॅगच्या जागी सुमारे दोन ओहमचा बनावट भार, म्हणजे रेझिस्टर, तात्पुरता लावून तपासतात, आणि तपासणी संपताच तो काढून घेतात.

पहिली पाहण्याची जागा म्हणजे दार आणि पुढचा खांब यांच्यामधली रबरी नळी. तिच्या एका टोकाला दाराचा मुख्य कपलर असतो. तो सोडवून टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाजू नीट पाहाव्यात. या जागी मी सर्वांत जास्त वेळ घालवतो आणि त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती. दाराचे काम झाले होते, दिवा जळत होता आणि सेन्सर दोनदा बदलून झाला होता. आधीच्या मिस्त्रीचे म्हणणे होते की काच खाली-वर होते, सेंट्रल लॉक चालते, आरसा फिरतो, तेव्हा कपलर ठीकच आहे. कपलर उघडला तर वरच्या रांगेतली सगळी पितळी टोके एका रेषेत होती आणि कोपऱ्यातले एकच टोक जेमतेम दोन मिलिमीटर मागे सरकलेले होते. ओढाताणीत त्याची प्लॅस्टिकची खिटी सुटली होती. कपलर दाबला की समोरची पिन त्या टोकाला मागे ढकलत असे. ‘टक्’ असा आवाज यायचा, कुलूप बसायचे आणि ती एकच तार अधांतरी राहायची. ती सेन्सरची तार होती. काच आणि लॉक यांच्या तारा वेगळ्या असतात, त्यामुळे त्या चालतात यावरून सेन्सरच्या तारेबद्दल काहीही सिद्ध होत नाही. टोक पुन्हा जागेवर बसवून खिटी लावल्यावर दिवा गेला तो गेलाच.

या जोडाचे महत्त्व मोठ्या प्रमाणावरही दिसून आले आहे. २०२२ मध्ये फोक्सवॅगनने अमेरिका आणि कॅनडा येथे विकलेल्या दोन लाखांहून अधिक अ‍ॅटलास एसयूव्ही परत बोलावल्या. पुढच्या दाराच्या वायरिंगमधले संपर्क गंजत होते आणि त्यामुळे बाजूची एअरबॅग उशिरा उघडण्याची शक्यता निर्माण झाली होती. नव्या गाडीत कंपनीच्या हातून जे घडू शकते, ते उघडून पुन्हा जोडलेल्या दारात सहजच घडू शकते. संपर्कांवर हिरवट थर, कोरडा झालेला रंग किंवा घासकामाची धूळ असेल तर संपर्कासाठीच्या स्प्रेने ते स्वच्छ करावेत. काचकागद वापरू नये, त्याने वरचा मुलामा निघून जातो.

कपलर ठीक निघाला तर डोअर पॅड, म्हणजे दाराचे आतले आच्छादन, उतरवून सेन्सर पाहावा. त्याचा भाग क्रमांक आपल्या गाडीच्या चेसिस क्रमांकाशी जुळतो का, हे कंपनीच्या सुट्या भागांच्या खिडकीवर पाच मिनिटांत कळते. क्रमांक वेगळा असेल तर वायरिंग निर्दोष असूनही ईसीयू त्याला ओळखत नाही आणि दिवा जात नाही. या सेन्सरला बहुधा दोनच तारा असतात. त्याच तारांतून त्याला वीज मिळते आणि त्याच तारांतून तो आपली माहिती डिजिटल स्वरूपात पाठवतो. म्हणून ओहम मोजून सेन्सर चांगला की वाईट ते ठरत नाही, आणि दोन तारांची अदलाबदल झाली तर सेन्सर गप्प बसतो. उजव्या दारातल्या सेन्सरचा क्रमांक तोच असेल तर दोन्ही सेन्सर, अर्थातच बॅटरी सोडवून, एकमेकांच्या जागी लावून पाहता येतात. कोड उजवीकडे गेला तर सेन्सर खराब, डावीकडेच राहिला तर वायरिंग खराब. फुकटात होणारी ही चाचणी नवा सेन्सर मागवण्याआधी करून घ्यावी. सेन्सर कधी जमिनीवर पडला असेल तर मात्र तो परत बसवू नये, बाहेरून चांगला दिसत असला तरी.

एखादी तार तुटलेली सापडली तर ती पिळून वर काळी टेप गुंडाळणे हा इलाज नव्हे. बऱ्याच कंपन्या एअरबॅगच्या वायरिंगला सांधा चालतच नाही असे सांगतात, काही कंपन्या ठरावीक किटनेच सांधण्याची परवानगी देतात. दाराची वायरिंग पूर्ण बदलणे महाग वाटते, पण उघडझाप होणाऱ्या जागेतला सांधा कधी ना कधी सुटणारच आणि तो कोणत्या दिवशी सुटेल हे आपल्या हातात नसते.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्याबद्दल दिवा काहीच सांगत नाही. डोअर पॅडच्या मागे आतल्या चौकटीवर एक प्लॅस्टिकची किंवा फोमची शीट काळ्या चिकट ब्यूटाइलने चिकटवलेली असते. बहुतेक मिस्त्री तिला फक्त पाणी अडवणारा कागद समजतात. दाब-सेन्सर असलेल्या दारात ती त्या पेटीची एक भिंत असते. ती फाटलेली असेल, अर्धवट चिकटलेली असेल किंवा नसेलच, तर धडकेच्या वेळी दाबलेली हवा त्या वाटेने निसटते आणि सेन्सरला दाब कमी किंवा उशिरा कळतो. ईसीयू सेन्सर जिवंत आहे की नाही एवढेच तपासतो. शीट नीट चिकटली आहे का, हे तपासण्याचा त्याच्याकडे कोणताही मार्ग नाही. म्हणजे दिवा विझला, कोड गेला, बिल झाले आणि तरीही दार आपले काम करण्याच्या स्थितीत नाही, असे घडू शकते. मी पॅड उघडून पाहिलेल्या दारांपैकी कितीतरी दारांत ही शीट चार ठिकाणी खाकी पॅकिंग टेपने लटकवलेली होती आणि खालची बाजू मोकळी होती. उन्हात तापलेल्या दारात ती टेप एक उन्हाळासुद्धा टिकत नाही. आपल्या दाराचे पॅड उघडले की स्वतः उभे राहून पाहा. शीट अखंड असावी, ब्यूटाइलची ओळ सगळीकडून सलग असावी आणि वायर व कुलपाच्या तारा जिथून बाहेर येतात तिथले रबरी बूच जागेवर असावेत. शंका असेल तर नवी शीट घ्या, दाराच्या बाकी खर्चापुढे ती फार महाग पडत नाही. याच कारणाने अशा दारात बाहेरचे मोठे स्पीकर बसवण्यासाठी भोके वाढवू नयेत. काही कंपन्यांच्या मालक-पुस्तिकेत दाराच्या पॅडला भोक पाडू नये असे स्पष्ट लिहिलेले असते, पण ते पान फारसे कोणी वाचत नाही.

शीट सैल असल्याचा दुसरा परिणाम पावसाळ्यात दिसतो. काचेवरून दारात उतरलेले पाणी खालच्या भोकांतून बाहेर जाण्याऐवजी गालिच्यात शिरते. कोकणातल्या पावसात सीटखालचे कपलर आठवडाभर ओले राहतात, आणि मार्चमध्ये दुरुस्त केलेल्या गाडीत जुलैमध्ये दिवा लागतो. तेव्हा दाराच्या कामाची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

कोड दाराचा न निघता सीटचा निघाला तर घाबरण्याचे कारण नाही. दार लावताना जागा मिळावी म्हणून सीट पूर्ण मागे सरकवतात किंवा उचलून बाहेर काढतात, आणि सीटखालचा पिवळा कपलर ताणला जातो. हे कपलर सुटताच दोन्ही तारा आतल्या आत जोडणारी एक पट्टी त्यांत असते. एअरबॅग चुकून उडू नये म्हणून ती ठेवलेली असते. कपलर अर्धवट बसला तर ती पट्टी मध्येच अडकते आणि ईसीयूला सर्किट शॉर्ट दिसते. तो पूर्ण बाहेर काढून, कुलूप लागेपर्यंत पुन्हा दाबून बसवणे एवढेच काम असते. गाडी गॅरेजमध्ये बरेच दिवस उभी राहून बॅटरी उतरली असेल तर कमी विद्युतदाबाचाही कोड येतो, पण चांगल्या बॅटरीवर तो एकदा पुसला की परत येत नाही.

दिवा घालवण्याचे दोन आडमार्ग आहेत आणि दोन्ही मी ग्राहकांच्या गाड्यांत पाहिले आहेत. एक म्हणजे दिव्याची जोडणी तोडणे. दुसरा म्हणजे एअरबॅगच्या जागी तो दोन ओहमचा भार कायमचा ठेवून ईसीयूची समजूत काढणे. पहिला ओळखणे सोपे आहे, कारण किल्ली ऑन केल्यावर दिवा क्षणभरही लागत नाही. दुसऱ्यात दिवा अगदी नियमाप्रमाणे लागतो आणि विझतो, त्यामुळे सीटखाली आणि डॅशबोर्डमागे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तो सापडत नाही. आपल्या गॅरेजने पहिल्या मार्गाची तयारी उघड बोलून दाखवली आहे. तेव्हा हे काम दुसरीकडे, शक्यतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा एअरबॅगचे काम नियमित करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे न्यावे असे मी सुचवीन. विम्यातून दुरुस्ती झाली असेल तर सर्व्हेअरला लगेच लेखी कळवा की दिवा दुरुस्तीनंतर लागला आहे. सेन्सर किंवा वायरिंग त्याच अपघातात खराब झाल्याचे दिसले तर तो खर्च त्याच दाव्यात मागता येतो. मागताना कामाच्या आधीचा आणि नंतरचा स्कॅन छापून घ्या.

गाडी परत घेताना किल्ली ऑन करून दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो हे स्वतः पाहा. मग दार पंधरा-वीस वेळा उघडून बंद करा, एक फेरी खडबडीत रस्त्यावरून मारा आणि पुन्हा स्कॅन करवून घ्या. दाराच्या नळीतली अर्धवट तुटलेली तार उभ्या गाडीत कळत नाही.

आता रत्नागिरीबद्दल. गाडी तिथपर्यंत व्यवस्थित जाईल, कारण इंजिन आणि ब्रेक यांचा या बिघाडाशी संबंध नाही. पण घाटात समोरून किंवा चौकात बाजूने काही आले तर आपल्या कुटुंबाजवळ फक्त सीट बेल्ट असेल. स्कॅन, कपलर आणि पॅडची तपासणी मिळून अर्ध्या दिवसाचे काम आहे. सेन्सर मागवावा लागला तर मात्र काही दिवस जातील, म्हणून स्कॅन उद्याच करवून घ्या. सेन्सर वेळेत आला नाही तर या खेपेला दुसरी गाडी किंवा रेल्वे पाहा.